१८३२ चं श्रेय एकट्या संसदेला नको

ब्रिटनमधल्या मताधिकारावरचा तुमचा लेख आवडला, पण संसदेच्या निवडणुकीचे नियम बदलणाऱ्या १८३२ च्या सुधारणा कायद्याने ब्रिटनमध्ये 'सामान्य माणसाला मत मिळालं' हे वाक्य खटकलं. ओल्ड सॅरमसारख्या ओसाड टेकडीचे दोन खासदार गेले, गिरण्यांच्या मँचेस्टर शहराला प्रतिनिधी मिळाले, हे खरंच मोठं काम होतं. पण शहरांत मत मिळालं ते वर्षाला दहा पौंड भाडेमूल्याची जागा असणाऱ्यांना. गिरणीतला मजूर बाहेरच राहिला. शिवाय मतदार 'पुरुष' असावा हे याच कायद्याने पहिल्यांदा स्पष्ट लिहून बायकांना दार बंद केलं, त्याचा लेखात उल्लेखही नाही!

या फसवणुकीच्या रागातूनच १८३८ ची 'जनतेची सनद' हा मागण्यांचा जाहीरनामा आला. त्यातल्या मागण्या अशा: प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदाराला मालमत्तेची अट नको, पगार हवा, मतदारसंघ समान हवेत, निवडणूक दरवर्षी हवी. याच मागण्यांसाठी संसदेकडे केलेल्या १८४२ च्या अर्जावर तेहतीस लाखांच्या आसपास सह्या होत्या, तरी संसदेने तो २८७ विरुद्ध ४९ मतांनी फेटाळला. त्याआधी १८३९ मध्ये वेल्समधल्या न्यूपोर्टला सैनिकांच्या गोळीबारात सनदेच्या बाजूची वीसेक माणसं मेली होती. लंडनमध्ये याच सनदेच्या चळवळीतला विल्यम कफी हा कृष्णवर्णीय शिंपी. त्याचे वडील गुलामीतून आलेले. १८४८ नंतर त्याला शिक्षा म्हणून दूर टास्मानिया बेटावर पाठवलं.

खासदारांसाठीची मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली, गुप्त मतदान १८७२ मध्ये आलं, खासदारांना पगार थेट १९११ मध्ये. पुढच्या भागात या लोकांबद्दल सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.