मानलेली लेक आणि मागचा जिना

अथेन्समध्ये किप्सेली भागातल्या एका जुन्या इमारतीत मी राहते. स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे, जेमतेम खाट मावेल एवढी. तिच्या शेजारच्या दारातून लोखंडी गोल जिना मागच्या चौकात उतरतो. मोलकरणीने पुढच्या जिन्यावर दिसू नये, म्हणून बांधलेला.

परवा पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कामवाल्या बायकांनी कोणती लिफ्ट वापरायची यावरून जुंपली, तेव्हा मला हा जिनाच डोळ्यांसमोर आला. वेगळी लिफ्ट मागणाऱ्यांनीच पुढे लिहिलं होतं, 'आमच्या मावशी तर अगदी घरच्यासारख्या!'

या घरच्यासारखीला ग्रीकमध्ये शब्दच आहे : प्सिखोकोरी, म्हणजे मानलेली लेक. खेड्यातली, बेटावरची लहान पोर शहरात आणायची आणि 'हुंडा देऊन लग्न लावून देऊ' एवढ्या शब्दावर बिनपगारी राबवायची.

१९५०-६०च्या दशकांतले ग्रीक विनोदी चित्रपट इथल्या टीव्हीवर अजून लागतात. फिलोपीमिन फीनोस यांनी १९४३मध्ये काढलेल्या फीनोस फिल्मचे तर हमखास. त्यांतली मोलकरीण पांढऱ्या एप्रनातली, खेडवळ बोलीची, दाराला कान लावणारी. मालकिणीचं ढोंग सगळ्यांत आधी तिला कळतं आणि ती तोंडावर बोलून दाखवते. मला ती मनापासून आवडते. पण मी पाहिलेल्या चित्रपटांत ती झोपते कुठे, हे क्वचितच दिसतं. पगार हातात पडलाय, दोन दिवस आईकडे जाऊन आलीय, असंही आठवत नाही. शेवटी तिचं कुणाशी तरी जमतं आणि आपण खूश होतो. खऱ्या मुलीला मात्र ते लग्नच पगार म्हणून कबूल केलेलं असायचं.

पुढे ग्रीक मुलींच्या जागी परदेशी बायका आल्या. 'फिलिपिनेझा' म्हणजे फिलिपिन्सची बाई. बोलीत त्याचा अर्थच मोलकरीण झाला. डिसेंबर २००८मध्ये अथेन्समध्ये सफाई कामगारांची पुढारी कोन्स्तान्तीना कुनेवा हिच्यावर ॲसिड फेकलं गेलं. मूळची बल्गेरियाची ही बाई २०१४ साली युरोपीय संसदेत निवडून गेली.

आमच्याकडे येणाऱ्या जॉर्जियन बाईंनी पहिल्याच दिवशी दारात विचारलं, 'एर्गोसिमो देणार ना?' त्या पावतीने पैसे दिले की त्यातूनच त्यांचा विमा भरला जातो. घरच्यासारखं वागवा, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८चा. आपल्या किती मावशींची तिथे नोंदणी आहे, असं मी ग्रुपवर विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. मग आईला फोन केला. तिच्याकडे बावीस वर्षं येणाऱ्या मावशींचीही नाही. कागदपत्रं शोधून ठेवा, असं आईने त्यांना आज सांगितलंय.