विक्रम करायचाय? आधी टेप हातात घ्या

२०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतोय. प्रयागराजच्या २०१९ च्या कुंभात पाचशेहून जास्त बस एका रांगेत चालवून गिनीजचा विक्रम नोंदवला गेला होता. तेव्हा आपल्या नाशकातही कुणी सर्वांत मोठ्या रांगोळीचा, कुणी सर्वाधिक ढोलांचा, कुणी सर्वांत मोठ्या मिसळीचा बेत आखणारच. जरूर आखा. फक्त एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: मोजणी कोण करणार, कशाने करणार आणि कागदावर कोण लिहिणार. पराक्रम कितीही अफाट असो, मोजणी कच्ची असेल तर तो टिकत नाही. आणि मोजणी पक्की असेल तर तो दीडशे वर्षांनंतरही कुणाला हलवता येत नाही.

दीडशे वर्षं हे उगाच म्हणत नाही. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत चेरापुंजीला २६,४७० मिलिमीटर पाऊस पडला. पर्जन्यमापकाच्या नोंदी होत्या, म्हणून जागतिक हवामान संघटना आजही तो आकडा बारा महिन्यांचा जागतिक विक्रम म्हणून मानते. आता दुसरं टोक बघा. लिबियातल्या अल अझिझिया इथं १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि पृथ्वीवरचं सर्वांत जास्त तापमान म्हणून तब्बल ९० वर्षं पुस्तकांत छापलं गेलं. २०१२ मध्ये त्याच संघटनेनं ते रद्द केलं. मूळ नोंदवही काढून बघितली तर दोनच दिवस आधी अक्षर बदललेलं, म्हणजे वाचणारा माणूस नवा, आणि आकडे चुकीच्या रकान्यांत भरलेले. तापमापक जुन्या धाटणीचा होता. त्यातल्या दर्शकाचं एक टोक वाचायचं असतं, नवख्यानं दुसरं वाचलं असावं आणि तिथंच सुमारे सात अंशांची चूक झाली, असा निष्कर्ष निघाला. मान मग कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या १० जुलै १९१३ च्या ५६.७ अंशांकडे गेला. चूक पकडून दिली ती त्या नोंदवहीनंच. म्हणून मूळ कागद कधीही फाडू नका आणि 'फेअर' करून नव्यानं लिहू नका. खाडाखोड असली तरी राहू द्या, बाजूला सही करा.

मोजण्याच्या आधी व्याख्या येते. आपल्याच जिल्ह्यात, सटाणा तालुक्यात मांगीतुंगीला डोंगराच्या अखंड पाषाणात कोरलेली ऋषभदेवांची मूर्ती आहे. ती १०८ फूट की १२१ फूट, यावर वाद घालणारे दोघेही बरोबर असतात. १०८ ही मूर्तीची उंची, १२१ ही चौथऱ्यासह. गुजरातमधल्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचंही तेच: पुतळा १८२ मीटर, पायासकट २४० मीटर. तुमचा आकडा कुठून कुठपर्यंतचा, हे एका ओळीत लिहून ठेवलं नाही तर पुढचा माणूस सोयीचा आकडा उचलतो.

व्याख्या किती निर्दयी असू शकते ते गिर्यारोहणात दिसलं. राइनहोल्ड मेसनर यांनी १९८६ पर्यंत आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं सर्वांत आधी सर केली, हे सगळं जग मानत होतं. २०२३ मध्ये गिनीजनं तो मान अमेरिकन गिर्यारोहक एड व्हिस्टर्स यांच्याकडे दिला. कारण काय, तर अन्नपूर्णेवर १९८५ साली मेसनर कड्यावरच्या नेमक्या सर्वोच्च बिंदूपासून सुमारे ६५ मीटर अलीकडे थांबले होते आणि उंचीत फरक होता जेमतेम पाच मीटरचा, असं एबरहार्ड युरगाल्स्की या अभ्यासकानं दाखवून दिलं. खुद्द व्हिस्टर्स म्हणाले की पहिले मेसनरच. मलाही मेसनर यांचा पराक्रम तसूभरही कमी वाटत नाही. पण 'शिखर म्हणजे नेमकं कोणतं ठिकाण' हे ठरवायला जगाला इतकी वर्षं लागली, ही उणीव मोजणाऱ्यांची आहे.

एखादा दावा ऐकून भुवया उंचावल्या की आधी साधा हिशोब करून बघावा. पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखं कापली नव्हती. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला कापली तेव्हा पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटीमीटर आणि एकट्या अंगठ्याची १९७.८ सेंटीमीटर भरली. खरं वाटत नाही ना? ६६ वर्षं म्हणजे ७९२ महिने. १९७८ मिलिमीटरला ७९२ नं भागलं की महिन्याला अडीच मिलिमीटर येतात. माणसाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. आकडा बसतो. याची किंमत मात्र त्या हातानं मोजली, तो कायमचा अधू झाला. हेही त्याच नोंदीत ठळक छापायला हवं, असं माझं मत आहे.

जगातली सर्वांत बुटकी महिला म्हणून नागपूरच्या ज्योती आमगे यांची उंची १६ डिसेंबर २०११ रोजी, त्यांच्या अठराव्या वाढदिवशी, ६२.८ सेंटीमीटर नोंदवली गेली. ती एकदाच मोजून थांबले नाहीत, २४ तासांत अनेकदा मोजली. उभं राहून राहून मणक्यांमधल्या चकत्या दाबल्या जातात आणि साधारण उंचीचा माणूससुद्धा संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर बुटका होतो. उलट पोर्तुगालचा बोबी हा कुत्रा. ३१ वर्षं जगला म्हणून २०२३ मध्ये सर्वांत दीर्घायुषी ठरला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तो मान काढून घेतला गेला. मालकाच्या सांगण्यापलीकडे जन्माचा भक्कम पुरावाच नव्हता. अंगात बसवलेल्या ओळख-चिपची नोंद २०२२ ची, आणि तिथल्या नियमाप्रमाणे २००८ पूर्वी जन्मलेल्या कुत्र्यांना वयाचा पुरावा लागतच नव्हता.

आता रांगोळीकडे येतो, कारण नाशकात सर्वांत जास्त उत्साह तिथंच असतो आणि गोदाघाटावर गुढीपाडव्याच्या आधी महारांगोळी होते तेव्हा रेखाटणारे हात किती तयार आहेत ते सगळ्यांनी पाहिलंय. कमी पडते ती आखणी.

१०० फूट बाय १०० फुटांचा चौरस घेऊ, म्हणजे १०,००० चौरस फूट किंवा ९२९ चौरस मीटर. पहिली गोष्ट काटकोन. गवंड्याचा गुण्या इतक्या लांबीला पुरत नाही, तो वीट लावायला ठीक. एका कोपऱ्यातून एका बाजूला ३० फूट, दुसऱ्या बाजूला ४० फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५० फूट आलं पाहिजे. मग पूर्ण चौरसाचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही १४१ फूट ५ इंच आले पाहिजेत. एका कोपऱ्यात फक्त एक अंश चूक झाली तर शंभर फुटांवर ती बाजू २१ इंच आत सरकते आणि साधारण ८७ चौरस फूट हातचे जातात. आधीचा विक्रम थोड्या फरकानं मोडायचा असेल तर तेवढ्यातच घात होतो.

कापडी टेप वापरू नका, तो ताणला की लांबतो आणि झोळ पडला की जास्त आकडा दाखवतो. स्टीलचा ३० मीटरचा टेप घ्या, दोन्ही टोकांना सारखा ताण द्या, शक्यतो सकाळी मोजा. स्टीलही तापलं की प्रसरण पावतं: २० अंशांवरून ४० अंशांवर गेलं की ३० मीटरला सात मिलिमीटरचा फरक. तो छोटा आहे, पण तुमच्या कागदावर तापमान लिहिलेलं असेल तर तपासणाऱ्याला कळतं की मोजणारा जाणकार होता. अंतिम मोजणी परवानाधारक सर्व्हेअरकडून टोटल स्टेशननं, म्हणजे कोन आणि अंतर एकत्र मोजणाऱ्या यंत्रानं, करून घ्या. ड्रोनचा फोटो देखणा येतो, तो मोजमाप नव्हे. कॅमेरा जरा कलला की चौरसाचा समलंब होतो.

पुडीचा हिशोब सोपा आहे, तरी तिथंच सगळे फसतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटरचा थर म्हणजे एक लिटर पूड, वजनात सुमारे दीड किलो. ९२९ चौरस मीटरला १,४०० किलो. फरशीच्या भेगा पूड गिळतात, वारा उडवतो, चाळणीतून जादा पडते, म्हणून १५ टक्के वाढवा: १,६०० किलो, म्हणजे पन्नास किलोची ३२ पोती. रंगीत पूड एकाच घाण्यातली घ्या. दुसऱ्या दिवशी आलेल्या पोत्यातला गुलाबी पहिल्या गुलाबीशी जुळत नाही आणि मोठ्या सपाट भागात ती रेघ लांबून दिसते. भरण मधून सुरू करून कडेकडे या, नाहीतर बाहेर पडायला वाट उरत नाही. मध्ये चालायची पट्टी सोडलीच तर तिची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवा, कारण ती एकूण क्षेत्रातून वजा होणार. वाऱ्यासाठी घाटाच्या उघड्या बाजूला चार फुटांचा कापडी आडोसा पुरतो. आणि पाणी शिंपडून पूड बसवायचा मोह टाळा, ओला रंग पसरतो आणि रेघ मरते.

माणसांची संख्या हा त्याहून अवघड प्रकार. ढोल असो वा योगासनं, 'अंदाजे पाच हजार' याला शून्य किंमत. मैदानाला एकच कुंपण, प्रत्येक प्रवेशद्वारावर क्रमांक छापलेली मनगटपट्टी आणि ती स्कॅन करणारा माणूस. एका माणसाला तीन सेकंद धरले तर एका दारातून तासाला १,२०० जण आत जातात, म्हणजे पाच हजारांना चार दारं लावूनही तासाहून थोडा जास्त वेळ हवा. आत दर ५० जणांमागे एक निरीक्षक. त्यानं फक्त आपल्या पन्नासांकडे बघायचं आणि कोण थांबला, कोण मोबाईलवर बोलला, कोण निघून गेला हे लिहायचं. ते सगळे वजा होतात. सामूहिक नृत्यासाठी गिनीजची किमान वेळ पाच मिनिटांची असते, 'सर्वांत मोठा वर्ग' प्रकाराला अर्धा तास. उन्हात अर्धा तास बसवलेली शाळकरी मुलं विसाव्या मिनिटाला उठतात आणि आकडा कोसळतो. त्यात मुलांचा दोष नाही, वेळ निवडणाऱ्याचा आहे.

मिसळ मोठी करणाऱ्यांनो, दिल्लीत नोव्हेंबर २०१७ मध्ये ९१८ किलो खिचडीचा विक्रम झाला, तो नमुना बघा. आधी रिकामं भांडं प्रमाणित काट्यावर, मग भरलेलं, वजाबाकी पदार्थाची. मिसळीत प्रश्न असा की वजन कशाचं? उसळ आणि रस्सा फक्त, की फरसाण, कांदा, पावही? अर्ज करतानाच लिहा. दुसरी अडचण भांड्याची. कढई सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की तळ चौपट होतो पण माल आठपट, म्हणजे प्रत्येक किलोच्या वाट्याला तळाची आच निम्मी येते. घाईनं आच वाढवली की खाली मटकी करपते आणि वर कच्ची राहते. म्हणून मटकी वेगळी, लहान भांड्यांत शिजवून घ्या. भिजून मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त होते हे वजनाच्या हिशोबात धरा. मोठ्या भांड्यात फक्त एकत्र करा आणि वाटप संपेपर्यंत ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, कारण कोमट उसळीत जंतू झपाट्यानं वाढतात. उरलेलं अन्न फेकलं तर विक्रम मान्य होत नाही, आणि होऊही नये.

एका बाबतीत मात्र माझी भूमिका कडक आहे. लहान मुलांना विक्रमाला जुंपू नका. पुरी आणि भुवनेश्वर यांच्यातलं ६५ किलोमीटर अंतर मे २००६ मध्ये बुधिया सिंग ७ तास २ मिनिटांत धावला तेव्हा तो चार वर्षांचा होता. अखेर सरकारला त्याच्या धावण्यावर बंदी घालावी लागली. पैसे भरले की मेडल, टी-शर्ट आणि सर्टिफिकेट घरी पाठवणारी 'रेकॉर्ड बुकं' आज पालकांना हाच मोह घालतात. त्यांना तीन प्रश्न विचारा: आधीचा विक्रम किती होता, तो कुणाचा, आणि माझी नोंद नाकारली जाऊ शकते का? तिसऱ्याला 'नाही' असं उत्तर आलं तर तो कागद दुकानातल्या पावतीइतकाच.

खरा पराक्रम कसा नोंदला जातो ते बघायचं असेल तर आपल्याच गावचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन. २०१५ च्या 'रेस अक्रॉस अमेरिका'त दोघांच्या गटात त्यांनी सायकलवर ४,८०० किलोमीटरच्या आसपासचं अंतर ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पार केलं. आखलेला मार्ग, वाटेत पन्नासहून जास्त वेळ-नोंद केंद्रं, प्रत्येक ठिकाणची वेळ लिहिलेली. त्यावर वाद घालायला कुणाला जागाच नाही.

आता तारखांचं गणित. गिनीजच्या साध्या अर्जाला उत्तर यायला सुमारे तीन महिने लागतात आणि पुरावे पाठवल्यावर पुन्हा तितकाच काळ जाऊ शकतो. परीक्षक बोलावणं ऐच्छिक आणि महाग आहे. तो नसेल तर आयोजकांशी नातं किंवा व्यवहार नसलेले दोन साक्षीदार लागतात, लांबलेल्या प्रयत्नात एका साक्षीदाराला सलग चार तासांपेक्षा जास्त बसवता येत नाही. सलग करायच्या प्रकारांत दर तासाला पाच मिनिटांची विश्रांती मिळते आणि ती साठवताही येते, पण प्रत्येक विश्रांतीची सुरुवात आणि शेवट वहीत हवा. व्हिडिओ पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत न कापलेला, दोन कॅमेऱ्यांनी, आणि फ्रेममध्ये घड्याळ दिसतं आहे हे सुरू करण्याआधी तपासा. मेमरी कार्ड मध्येच भरतं, म्हणून दोन कॅमेऱ्यांची कार्डं एकाच वेळी बदलू नका.