फट दिसली म्हणजे ग्रह सापडला?

गेला आठवडाभर एक मेसेज गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरतोय. मला तीन जणांनी पाठवला. नारिंगी तबकडीचा (म्हणजे ताऱ्याभोवती फिरणाऱ्या धूळ-वायूच्या चकतीचा) फोटो, तिच्यावर काळ्या गोल रेघा, आणि खाली मजकूर: ‘एचएल टॉरी ताऱ्याचा खरा फोटो. जितक्या फटी, तितके ग्रह. ग्रह धूळ गिळत फिरतात म्हणून फटी पडतात. फट नाही तिथे ग्रह नाही.’

फोटोचं आधी उरकतो. तो खोटा नाही, पण कॅमेऱ्याचाही नाही. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने २०१४ मध्ये साधारण ४५० प्रकाशवर्षांवरून आलेल्या मिलिमीटर लांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी टिपल्या. नारिंगी रंग नंतर भरलेला.

आता ते गिळणं. ग्रह थोडी धूळ गिळतो, नाही असं नाही, पण फट त्याने पडत नाही. तबकडीत धुळीबरोबर भरपूर वायू असतो, आणि दाबामुळे तो धुळीपेक्षा किंचित सावकाश फिरतो. त्यामुळे बारीक खड्यांना सतत समोरून वारा लागतो, त्यांचा वेग मरतो आणि ते ताऱ्याकडे घसरत जातात. मोठा ग्रह कक्षेलगतचा वायू दोन्हीकडे सारतो. फटीच्या बाहेरच्या काठाला दाब वाढतो, तिथे समोरचा वारा पडतो आणि बाहेरून येणारी धूळ थबकते. आमच्या पोफळीच्या आगरात पाटाचं पाणी वळणाला मंदावतं, तिथे सुकी पानं आणि सोडणाचा भुसा साचतो. पुढचा पाट स्वच्छ दिसतो तो कचरा मागे अडकला म्हणून. कुणी खाल्ला म्हणून नव्हे!

फटी मोजून ग्रह मोजणं तर त्याहून कच्चं. एकच ग्रह दोन-तीन फटी पाडू शकतो, हे संगणकावरच्या प्रतिकृतींत दिसलंय. ग्रह नसतानाही, ताऱ्यापासून जिथे वायू गोठू लागतो त्या सीमेवर किंवा चुंबकीय क्षेत्रामुळे, कडी तयार होऊ शकतात. एचएल टॉरीच्या फटींत अजून एकही ग्रह थेट दिसलेला नाही. पीडीएस ७० या दुसऱ्या ताऱ्याच्या तबकडीत मात्र २०१८ मध्ये एक आणि २०१९ मध्ये दुसरा, असे दोन ग्रह फटीच्या मोकळ्या जागेतच सापडले. तिथे मेसेजवाल्याला पूर्ण गुण.

राहिलं ‘फट नाही तिथे ग्रह नाही’. अभिजित ताऱ्याभोवतीची धूळ अवकाशातल्या वेब दुर्बिणीला २०२४ मध्ये बरीचशी सलग दिसली. त्यावरून ताऱ्यापासून दूर शनीएवढा जड ग्रह नसावा, इतकंच म्हणता येतं. लहान ग्रह लपून राहू शकतात. उलट मीनास्य ताऱ्याभोवती धुळीचं ठसठशीत कडं आहे. तिथे २००८ मध्ये ग्रह म्हणून जाहीर झालेला ठिपका पुढच्या फोटोंत विरत गेला. टकरीतून उडालेली धूळ असावी, असा आता अंदाज आहे.

दिवाळीनंतर रात्री आठच्या सुमारास खळ्यात उभं राहिलं की वायव्येला अभिजित आणि दक्षिणेला मीनास्य दिसतो. दोघेही २५ प्रकाशवर्षांवर.