क्रूझला निघालेल्या डीलर मंडळींसाठी मोलाचे सल्ले

खतविक्रीचं टार्गेट पूर्ण झालं म्हणे तुमचं. अभिनंदन! बँकॉक झालं, दुबई झाली, गोव्याला तर आता मंडळी सप्त्याला जावं तशी जातात. यंदा कंपनी क्रूझला नेणार. आपल्या लातूर-उदगीर पट्ट्यातल्या माणसानं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मांजरा धरण, तेही भरलं असेल त्या वर्षी. तेव्हा जहाजावर कसं वागावं हे तुम्हाला सांगणार कोण? मी सांगतो. नुकताच अशा एका डीलर टूरला जाऊन आलोय, मुंबई ते गोवा आणि परत. डीलर आमचे दाजी. ताईला पाण्याची भीती वाटते म्हणून तिच्या जागी मला धरून नेलं. टर्मिनलवर आधार कार्ड दाखवून मी मी झालो, पण कंपनीनं गळ्यात अडकवलेल्या बिल्ल्यावर शेवटपर्यंत ‘सौ.’च होतो.

सुरुवात लवकर करा. लातूर एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलात की चहा न घेता बॅलार्ड पियरचं टर्मिनल गाठा. चेक-इनची वेळ दुपारची दिलेली असेल, ती इतरांसाठी. आधी गेलं की जागा चांगली मिळते हे आपल्याला एसटीनं शिकवलंय. केबिनचा नंबर आधीच ठरलेला असतो असं तिथली पोरगी इंग्रजीत, हिंदीत आणि शेवटी मराठीत सांगेल. ऐकू नका. खिडकीतून रुमाल टाकायची सोय टर्मिनलवर का नाही, एवढं मात्र जरूर विचारा. रुमालाची हौस पुढं डेकवर भागते. पहाटे उठून स्विमिंग पूलजवळच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकायचे आणि परत येऊन झोपायचं. या बाबतीत अख्खं जग मराठवाडी आहे. गोरे लोकही हेच करतात असं ऐकतो, त्यामुळं लाजायचं कारण नाही.

बीपी-शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, सगळ्यात खाली ठेवा. ती बॅग टर्मिनलवर काढून घेतात, मशीनमधून तपासतात आणि कधी संध्याकाळी केबिनच्या दारात आणून ठेवतात. तोवर जे हातपिशवीत असेल तेच आपलं. हातपिशवीत अर्थातच धपाटे आणि भुरका. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर चालत नाही, म्हणून ते दारातच काढून घेतील. तेव्हा भांडा. भुरक्याचं तेल तोवर आधार कार्डापर्यंत पोचलेलं असेल.

इस्त्री, किटली आणि पाणी तापवायचा रॉड घ्यायला विसरू नका. समुद्रात बुडण्याइतकीच आगीची भीती असते, फायर ब्रिगेडची गाडी तिथं येत नाही, म्हणून या वस्तूंना बंदी आहे. पण आमच्या गटातल्या अप्पांचा रॉड सापडला तेव्हा ते म्हणाले, “हे तर पूजेचं आहे.” शिका काहीतरी.

फोन एअरप्लेन मोडवर टाकू नका. किनारा सुटला की फोन आपोआप जहाजाच्या उपग्रहावाल्या नेटवर्कला चिकटतो आणि तुमच्या नेहमीच्या पॅकमध्ये ते बसत नाही. अशा वेळी मार्केट यार्डात फोन लावून सोयाबीनचा भाव विचारावा. भावापेक्षा बिल मोठं येईल.

उलटीची गोळी मळमळ सुरू झाल्यावरच घ्या. प्रवासाआधी घेतली तर तिचा उपयोग होतो.

लिफ्टमध्ये आतली माणसं बाहेर पडायच्या आधी घुसा.

केबिनमधला संडास व्हॅक्यूमवर चालतो, म्हणजे हवेच्या जोरावर सगळं ओढून नेतो. तिथल्या कागदाशिवाय काही टाकू नका अशी पाटी असते. एकानं नको ते टाकलं की त्या नळीवरच्या सगळ्या केबिनची पंचाईत. आमच्या मजल्यावर कुणीतरी टाकलंच. काय टाकलं होतं ते दुरुस्तीवाल्यानं बाहेर काढून दाखवलं: गुटख्याच्या पुड्या. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, त्यामुळं तो सगळ्यांच्याच खिशात असतो. बाल्कनीची केबिन मिळाली असेल तर पुडीपेक्षा पिचकारीवर भर द्यावा. वारा ती खालच्या बाल्कनीत व्यवस्थित पोचवतो. सिगारेटचं थोटूकही तसंच न विझवता सोडायचं. २००६ साली स्टार प्रिन्सेस नावाच्या जहाजावर बाल्कनीतून आग पसरली, बहुधा अशाच एका थोटकानं. केबिनच्या रांगा जळाल्या, एक प्रवासी दगावला. पण ते जहाज परदेशी होतं. आपलं थोटूक वेगळं.

आता ड्रिल. जहाज सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना ठरलेल्या जागी जमायला सांगतात. जहाजाच्या कार्डावर तुमच्या जागेचं अक्षर छापलेलं असतं. लाइफ जॅकेट कसं बांधायचं, कुठं उभं राहायचं ते दाखवतात आणि धोक्याचा भोंगा ऐकवतात: सात छोटे, एक लांब. भोंगा ऐकला की तुम्ही आंघोळीला जा. आमच्या गटातल्या काहींनी तर दारच उघडलं नाही. केबिनचा पोरगा बिचारा दार वाजवून दमला. आतून आवाज आला, “कामून तरास द्यायलास रे? आमी हिरीत पव्हलेले गडी हाव!” बाहेर आलेल्यांपैकी निम्मे लाइफ जॅकेटमधले रील काढत होते आणि एक जण शिट्टी चालते का ते बघत होता. चालते. खूप वेळ चालते.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून कलंडलं. वर चार हजारांहून जास्त माणसं होती, त्यातली ३२ मेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी ठेवलं होतं, कारण तेव्हाचा नियम चोवीस तासांची मुभा द्यायचा. पुढं नियम बदलला आणि ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यायचं ठरलं. म्हणून तो पोरगा दार वाजवत होता. त्याला तुमचं तोंड बघायची हौस नव्हती. पण असू द्या, तुमची हीर आहेच.

गोव्यात उतरल्यावर परतीची वेळ लक्षात ठेवू नका. जहाज थांबतं. कंपनीचा एरिया मॅनेजर कॅप्टनला फोन करतो.

राहिलं जेवण. इथं जरा सविस्तर बोलावं लागेल.

बुफेच्या दारात हात धुवायला सांगतात. नोरोव्हायरस नावाचा एक प्रकार असतो, एकाला झाला की जहाजभर उलट्या-जुलाब, आणि त्याला नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणी लागतं. तुम्ही हात धुवायचं नाटक करून पुढं व्हा. ताट मुद्दाम लहान ठेवलेलं असतं, त्या कारस्थानाला बळी पडू नका. दोन ताटं घ्या. खाली पुलाव, त्यावर नूडल्स, नूडल्सवर जिलेबी, जिलेबीला टेकून डोसा, आणि डोशावर ढोकळा घसरू नये म्हणून त्याला गुलाबजामाचा टेकू. रांग मोडून मधे घुसताना “फक्त लिंबू घ्यायलाव” म्हणायचं. मग टेबलावर बसून प्रत्येकाचा एक घास घ्यायचा, तोंड वाकडं करायचं, “आपल्याकडल्या लग्नात यापेक्षा भारी असतं” म्हणायचं, आणि ताट तसंच सोडून आइस्क्रीमच्या रांगेत उभं राहायचं. उठताना केळी आणि उकडलेली अंडी टिश्यूत गुंडाळून न्यायची. अंडी केबिनमध्ये विसरायची. तिसऱ्या दिवशी केबिन साफ करणारा ती शोधून काढतो.

मी हे रोज बघितलं. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, रात्री बाराला पिझ्झा मांडतात तेव्हाही बघितलं. शेवटी अप्पांना म्हणालो, “अप्पा, एवढं टाकून द्यायलाव?” तर म्हणाले, “गुरुजी, पैसे भरलेत.”

पैसे भरलेत! जहाजावर सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच. पूल बंद झाल्यावर उडी मारायची, पैसे भरलेत. गाण्याच्या कार्यक्रमात बाई गात असताना स्टेजसमोर उभं राहून व्हिडिओ कॉल लावायचा, पैसे भरलेत. वेटरला चुटकी वाजवून बोलवायचं, “ए छोटू” म्हणायचं. तो छोटू पस्तिशीचा, मालवणकडचा. घरापासून महिनोन्‌महिने लांब, आठवड्याची सुट्टी नाही. आंतरराष्ट्रीय नियमानं त्याला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे चौदा तास राबवलं तरी नियमात बसतं. त्याला तुम्ही कॉफी गार आहे म्हणून मराठीत आईवरून बोललात. त्याला समजलं. त्यानं दुसरी कॉफी आणून दिली आणि “सावकाश घ्या, काका” म्हणाला. तुम्ही शरमलात का? तुम्ही त्याला बिस्किटं आणायला पाठवलंत.

आणि पाणी. दाजी शॉवर सोडून समोर दाढी करत बसायचे. वाफेत आरसा दिसत नाही म्हणून आणखी जोरात सोडायचे. जहाजावरचं बरंचसं गोडं पाणी समुद्राचंच असतं. ते तापवून त्याची वाफ गार करतात, नाहीतर दाबानं बारीक जाळीतून काढतात. त्याला इंधन जळतं. हे दाजींना सांगितलं तर म्हणाले, “खाली एवढा समुद्र हाय की.”

दाजी, लातूरचे आहात तुम्ही! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी शहरात पाणी भरायच्या जागांभोवती १४४ कलम लावलं होतं, लोकांची डोकी फुटू नयेत म्हणून. माझी बहीण रात्री दोनला घागरी लावून टँकरची वाट बघायची. तुम्ही तेव्हा कपडे भिजवलेलं पाणी संडासात टाकायचात आणि पोराला ग्लास अर्धाच भरून द्यायचात. मग समुद्रात गेलं की काय झालं? पाणी फुकट झालं?

फुकट. खरी भानगड तीच आहे. हपापाचा माल गपापा.

कारण पैसे भरलेत कुणी, अप्पा? तुम्ही भरलेत? टार्गेट तुमचं, पण ते पूर्ण कुणाच्या जिवावर झालं? जूनमध्ये मृगाचा पाऊस पडून जमीन वाफशाला आली की आम्ही तुमच्या दारात येतो. डीएपी खत मागतो. तुम्ही म्हणता, शिल्लक नाही. मग जरा वेळानं म्हणता, आहे, पण यासोबत हे घ्यावं लागंल. १३५० रुपयांच्या पोत्यासोबत झिंकची बाटली, सूक्ष्म अन्नद्रव्यांचा डबा, नाव वाचता येत नाही असलं कसलं तरी टॉनिक. नको म्हटलं तर पोतंही नाही. पेरणी कोणासाठी थांबत नसते, हे तुम्हाला माहीत असतं. अशी एकासोबत दुसरं गळ्यात मारण्याला लिंकिंग म्हणतात; ते करणाऱ्यांवर कारवाई करू अशी बातमी दर खरिपाला येते, आम्ही ती तुमच्याच दुकानातल्या बाकड्यावर बसून वाचतो.

तुम्ही म्हणाल, आम्हालाही वरून बळजबरीनं देतात, आम्ही तरी काय करणार. मान्य. वरून येतं खरं. मग क्रूझपण बळजबरीनंच देतात का? ती नको म्हणून परत पाठवल्याचं ऐकलं नाही अजून.

म्हणून आता सल्ले बंद करतो आणि सरळ सांगतो. जायचं तर जा. समुद्र बघा, तो बघण्यासारखाच आहे. मावळतीला डेकवर उभं राहिलो होतो तेव्हा मलाही घरी फोन करावासा वाटला, आणि रोमिंगच्या भीतीनं केला नाही. पण माणसासारखे जा. ड्रिलला बोलावलं की या. खाणार असाल तेवढंच वाढून घ्या, परत जायला पाय आहेत तुम्हाला. नळ बंद करा. त्या पोरांना नावानं हाक मारा, छातीवर नाव लिहिलेलं असतं, आणि शेवटच्या रात्री काउंटरवर जाऊन “टिप कमी करून द्या” म्हणून घासाघीस करू नका. अप्पा, तुम्ही केलीत. मी मागंच उभा होतो. ड्यूटीवरच्या पोरीनं तुम्हाला कारण विचारलं आणि तुम्ही सांगितलंत, जेवण चांगलं नव्हतं. चार ताटं टाकली होती तुम्ही त्या दिवशी. ढोकळ्याचा तुकडा तुमच्या शर्टाला चिकटलेला होता.

आणि दाजी, तुम्ही रागवाल, ताईकडून निरोप पाठवाल, पाठवा. मागच्या खरिपात तुम्ही माझ्या गळ्यात मारलेल्या झिंकच्या बाटल्या गोठ्यात पडून आहेत, एक्स्पायरी झाल्यात. मेहुणा म्हणून सोडलं नव्हतं तुम्ही. एकदा येऊन घेऊन जा त्या, आणि पावतीप्रमाणे पैसे द्या.