तिजोरीत डायनासोर पाळायचा कसा

केळीचे पैसे आले, कापूस विकला, सोसायटीचं नवं-जुनं झालं आणि तरीही हातात चार पैसे उरले, तर तुमच्यावर मोठंच संकट आहे. प्लॉट घ्यावा तर भाऊबंद टेप घेऊन मोजायला येतात. सोनं घ्यावं तर घरातलं कोणी ना कोणी ते अंगावर घालतं. म्हैस घ्यावी तर ती दूध देते आणि त्यापायी पहाटे उठावं लागतं. यातलं काहीच नको असेल तर डायनासोरची नाणी घ्या. ती चारा खात नाहीत, दूध देत नाहीत, अंगावर घालता येत नाहीत आणि विकायला काढली तर कोणी घेत नाही. इतकी स्थिर गुंतवणूक शोधून सापडायची नाही. एकदा आली की जागची हलतच नाही.

आधी देश निवडा. ज्याचं नाव नकाशात शोधायला भिंग लागतं, त्या देशाचं नाणं पहिल्यांदा घ्यायचं. प्रशांत महासागरातलं निउए बेट पाहा. लोकसंख्या दोन हजारसुद्धा नाही, म्हणजे आपल्या यावल-रावेरकडचं एखादं मध्यम गाव त्याला भारी पडेल. तिथं बाजारहाट न्यूझीलंडच्या डॉलरात होते, पण निउएच्या नावानं निघालेल्या संग्राहक नाण्यांनी कपाटं भरतील. इरिट्रिया तर त्याहून गोड. १९९३ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच सालच्या एक डॉलरच्या नाण्यांवर ट्रायसेराटॉप्स झळकला. गंमत एवढीच की तिथं तेव्हा इथिओपियाचा बिर्र चालत होता आणि १९९७ मध्ये स्वतःचं चलन आलं ते नाक्फा. डॉलर त्या बाजारात कधी चाललाच नाही. असं नाणं हातात असलं की ते कुठं खर्च होईल ही धास्तीच उरत नाही.

या प्रकाराला नाणेशास्त्रात फार भारदस्त नाव आहे: चलनात न येणारं कायदेशीर चलन. घाबरू नका, अर्थ सरळ आहे. चांदीच्या चकतीवर प्राणी उठवला तर तिला पदक म्हणतात आणि पदकाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. त्याच चकतीवर ‘दोन डॉलर’ असं लिहिलं आणि मागं एखाद्या राजा-राणीचा मुखवटा टाकला की ती नाणं होते आणि चांदीच्या तिप्पट-चौपट भावाला जाते. फरक फक्त अक्षरांचा. साक्षरतेचा इतका रोख फायदा दुसऱ्या कोणाला झाला नसेल.

थोडे जाणकार दिसायचं असेल तर ब्रिटनकडे वळा. तिथल्या शाही टांकसाळीनं २०२० मध्ये पन्नास पेन्सची तीन नाणी काढली: मेगालोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस. हे तिघंच का, हे पाठ करून ठेवा, पाहुण्यांसमोर कामाला येतं. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४२ साली याच तिघांच्या हाडांवरून ‘डायनासोरिया’ हा गट मांडला आणि शब्द जन्माला आला. नाणं सातकोनी, वजन ८ ग्रॅम, रुंदी २७.३ मिलिमीटर, तांबं ७५ टक्के आणि निकेल २५ टक्के. आता खरी मेख ऐका. तोच मेगालोसॉरस साधा मिळतो, रंगीत मिळतो, चांदीत मिळतो आणि सोन्यातही. संच पुरा करायचा म्हणजे एकच प्राणी चार वेळा विकत घ्यायचा. एका खोंडाचे चार दाखले काढून चार वेळा विकणारा व्यापारी सारंगखेड्याच्या यात्रेत लोकांनी तापीत बुडवला असता.

इग्वानोडॉनचं नाणं दाखवताना त्याच्या अंगठ्याकडे बोट करा. तिथं जो खिळ्यासारखा काटा आहे, तो गिडियन मँटेल या इंग्रज डॉक्टरनं आधी प्राण्याच्या नाकावर शिंग म्हणून बसवला होता. म्हणजे चुकीच्या जागी अवयव लावूनही माणूस नाण्यापर्यंत पोचतो. पोरं दहावीला नापास झाली असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

यानंतर कॅनडाचं २०१२ सालचं पॅकिरायनोसॉरस. दर्शनी किंमत पंचवीस सेंट, विक्रीची किंमत सुमारे तीस डॉलर, नग पंचवीस हजार. दिवसा त्यावर कातडीसकट प्राणी दिसतो आणि अंधारात फक्त सांगाडा चमकतो, कारण रंगात उजेड साठवून हळूहळू सोडणारं द्रव्य आहे. आधी मिनिटभर टॉर्चखाली धरावं लागतं, नाहीतर अंधारात नुसती चकती हाती लागते. कृषिपंपाची थ्री-फेज लाईट रात्री बाराला येत असेल तर हे नाणं घेऊन मोटार चालू करायला जा. विंचू दिसणार नाही, पण सांगाडा दिसेल.

प्राण्यांच्या ओळखीत गफलत कराच, नाहीतर बाजारातली अर्धी नाणी तुमच्यासाठी बादच होतील. ब्रिटनच्या २०२१ सालच्या संचात टेम्नोडोन्टोसॉरस, प्लेसिओसॉरस आणि डायमॉर्फोडॉन असे तिघं आहेत आणि तिघांतला एकही डायनासोर नाही. पहिले दोन समुद्रातले सरीसृप, तिसरा उडणारा. संच मेरी ॲनिंगच्या नावाचा आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरल्या लाइम रीजिसच्या कड्यांवरून जीवाश्म वेचून पोट भरणारी ही बाई १८४७ मध्ये गेली आणि तिच्या सापळ्यांवरचं पांडित्य बरीच वर्षं दुसऱ्यांच्या नावावर खपलं. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन तर डायनासोर यायच्या कितीतरी आधी संपला आणि नात्यानं तो त्यांच्यापेक्षा तुमच्या-माझ्या जवळचा. मॅमथ हत्तीच्या घरातला. खरा डायनासोर ओळखायचा तर पाय पाहा: मगरीसारखे बाजूला फाकलेले नाहीत, खांबासारखे थेट अंगाखाली. पण हे भाच्याला माहीत असतं. त्याच्यासमोर अल्बम उघडू नका. उघडलाच आणि त्यानं चूक काढली, तर त्याला सांगा की पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, तेव्हा परवाच्या भाऊबंदकीच्या जेवणात गावरान कोंबडीचा जो रस्सा वाटला तो मेसोझोइक, म्हणजे डायनासोरांच्या युगातला होता.

टी-रेक्स आणि स्टेगोसॉरस एकाच नाण्यावर झुंजताना दिसले तर ते नाणं सोडू नका. स्टेगोसॉरसचा काळ सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टी-रेक्सचा ६.६ कोटींच्या आसपासचा. टी-रेक्स काळानं स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळ आहे. ही झुंज लावणाऱ्याला मल्हारराव होळकर आणि आमदारांची पदयात्रा एकाच फोटोत बसवता आली असती.

पार्सल परदेशातून येतं. त्यावर कस्टम ड्यूटी लागते आणि ती भरायला पोस्टमन दारात उभा राहतो तेव्हा घरचे सगळे नेमके ओट्यावर असतात. आजी विचारेल, “नाणावर पाल काबरं काढेल शे?” तिच्याशी वाद घालू नका. धनत्रयोदशीला मात्र ते नाणं पूजेच्या ताटात ठेवायचा मोह आवरा. लक्ष्मी-गणपतीच्या शिक्क्याशेजारी जबडा वासलेला प्राणी बसला की घरात वर्षभर त्याचीच चर्चा. अगदीच अडलं तर १९५१ सालचं दोन आण्यांचं भारतीय टपाल तिकीट मिळवा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या त्या तिकिटावर लांब सुळ्यांचा पुरातन हत्ती आहे आणि त्याचं शास्त्रीय नाव स्टेगोडॉन गणेसा. निदान नावाला तरी गणेश.

आता साठवण. इथं खानदेश तुमच्या बाजूनं आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिसाला टेकतो, आणि नाण्याची वाट लावायला उष्णतेसारखी मैत्रीण नाही. स्टेशनरीच्या दुकानातून मऊ, लवचिक, वास मारणारी प्लास्टिकची पाकिटं आणा. ती पीव्हीसीची असतात. मऊपणासाठी घातलेलं रसायन उन्हाळ्यात पाझरतं, त्यासोबत आम्ल सुटतं आणि तांब्याचा अंश असलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. पत्र्याच्या खोलीत हे काम एका उन्हाळ्यात उरकतं. मायलार नावाच्या प्लास्टिकची कडक, बिनवासाची पाकिटं किंवा ॲक्रिलिकची कॅप्सूल आणाल तर नाणं शाबूत राहील आणि तुम्हाला दुसरं घ्यायचं निमित्त उरणार नाही.

पाकिटांच्या गठ्ठ्याला रबर बँड लावा. रबरातलं गंधक चांदीला काळं करतं. गोबर गॅसच्या चुलीजवळचं कपाट त्याहून उत्तम, त्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. आणि नाणं कडेनं धरू नका, थेट प्राण्याच्या तोंडावर अंगठा ठेवा. प्रूफ नाण्याचा, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्याचा, सपाट भाग आरशासारखा असतो. शेवभाजीचा हात लागला की तो ठसा धातूत उतरतो आणि पुढं कितीही पुसा, जात नाही. शंभर वर्षांनी संशोधकांना तो पाहून कळेल की डायनासोरांच्या काळी तर्री होती.

काळं पडलं की साफ करणं आलंच. चिंच, राख, टूथपेस्ट, सगळं घरात आहे. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. तिनं आरशावर केसासारखे हजार ओरखडे उठतात आणि परीक्षक ‘साफ केलेलं’ असा शेरा मारून मोकळा होतो. पीव्हीसीचा हिरवा थर काढायचा खरा उपाय म्हणजे काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन, त्यात नाणं बुडवून ठेवायचं, चोळायचं नाही, मग ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा विसळून हवेवर सुकू द्यायचं, आणि हे सारं चुलीपासून लांब, कारण तो भुर्रकन पेटतो. पण हा उपाय रंगीत नाण्यावर अवश्य करा. प्राणी हिरवा होता की तपकिरी हा शास्त्रज्ञांतला वाद तुमच्यापुरता तिथंच मिटेल. वाटीत रंग, हातात चकती.

परीक्षकांचं विसरलो. परदेशात पैसे भरून नाण्याला ७० पैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या ठोकळ्यात बंद करतात. आपल्याकडे १०० पैकी ३५ ला पास होतो. तिथं ७० पैकी ६९ म्हणजे जवळजवळ नापास. ६९ आणि ७० मधला फरक भिंगातूनही भल्याभल्यांना दिसत नाही, किमतीत मात्र लांबून दिसतो.

खरेपणाची शंका आली तर ती दडपून टाका. कारण तपासणी फारच सोपी आहे आणि सोप्या गोष्टीत मजा नसते. चांदीचं नाणं बहुधा एक औंसाचं, आणि सोन्या-चांदीचा औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्यानं लटकवून पूर्ण पाण्यात सोडायचं, तळाला-कडेला टेकू द्यायचं नाही. शुद्ध चांदीला काटा २.९६ ग्रॅमच्या जवळ दाखवतो. चांदीचा मुलामा दिलेलं पितळ असेल तर साडेतीनच्या वर जातो. लोहचुंबक खऱ्या चांदीला चिकटत नाही, पण तिरक्या धरलेल्या नाण्यावरून जोरदार चुंबक रेंगाळत घसरतो. यासाठी कॅप्सूल उघडावी लागते आणि कॅप्सूल उघडली की किंमत उतरते. म्हणजे नाणं एकतर खरं आहे हे कळेल, नाहीतर महाग राहील. दोन्ही एकदम मिळत नाही.

नाण्यांचा कंटाळा आला म्हणून अस्सल जीवाश्मांच्या नादी मात्र लागू नका. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून त्यात प्रतिष्ठाही नाही. आपल्या पायाखाली बहुतेक काळा बेसाल्ट, डायनासोर संपत आले त्या सुमारास ओतलेला लाव्हा, आणि वर तापीचा गाळ. विहीर खणली तर मुरूम लागेल, मेगालोसॉरस लागणार नाही. पण सातपुडा ओलांडून नर्मदा गाठलीत की धार जिल्ह्यात डायनासोरांची अंडी आहेत. पाडल्या गावातले लोक तसलेच गोल दगड काकड भैरव म्हणून पूजत आले. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी नर्मदेच्या खोऱ्यातल्या ९२ घरट्यांची नि २५६ अंड्यांची नोंद छापली. आपल्या राज्यातही चंद्रपूरच्या डोंगरगावला लांब मानेचा आयसीसॉरस निघाला. त्याचं नाव इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या अद्याक्षरांवरून ठेवलंय, म्हणजे आयएसआय मार्क असलेला डायनासोर. एवढा भरवशाचा माल असताना तुम्ही निउएचा घेताय, हे जमलं पाहिजे.

आणि चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली जाळीची नक्षी आणि कवचाचे मणी मिळाले, वय सुमारे २५,००० वर्षं. पाटणादेवीला जाताना तुम्ही तिथून दहा वेळा गेला असाल. थांबायचं कारण नाही. तिथं सर्टिफिकेट देत नाहीत.

शेवट विक्रीचा. जळगावच्या सराफ बाजारात नाणं घेऊन जा, कॅप्सूल, मखमली डबी, क्रमांक घातलेलं सर्टिफिकेट, सगळं सोबत. सराफ डबी बाजूला ठेवेल, सर्टिफिकेट डबीखाली ठेवेल आणि नाणं काट्यावर. तो आताचा दहा ग्रॅमचा तोळा मोजतो, तेव्हा तीन तोळे एक ग्रॅम. “बिल शे का?” असं विचारेल. मग टंच पाहायला थोडं घासावं लागेल म्हणेल आणि मोडीच्या भावातून घट वजा करून आकडा सांगेल. तो ऐकताना चेहरा शांत ठेवा. तुम्ही चारपट दिले होते हे त्याला कळायला नको, उद्या त्यालाही ही नाणी विकायची बुद्धी होईल. कानस कुठं मारू असं विचारलं तर शेपूट दाखवा. पालीची परत येते.