मिठाचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

सोलापुरातील रंगाई कारखान्यांच्या पाणीवापरावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे असे की, पर्यावरण व्यवस्थापन हा मोठ्या कंपन्यांचा कागदी व्यवहार आहे, भिंतीवर आयएसओचे प्रमाणपत्र लावून नाल्याचे पाणी स्वच्छ होत नाही आणि अक्कलकोट रस्त्यावर चादरी-टॉवेलांचे सूत रंगवणाऱ्या लहान कारखानदाराला यातले काहीच परवडत नाही.

प्रमाणपत्राविषयीचा आपला आक्षेप मला मान्य आहे. आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक सांडपाण्यात कोणता घटक किती असावा हे सांगतच नाही. कारखान्याने आपले परिणाम ओळखावेत, कायदा पाळण्याची बांधिलकी घ्यावी, उद्दिष्टे ठरवून ती तपासत राहावीत, एवढेच ते मागते. मर्यादा असतात त्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात, म्हणजे कारखाना चालवण्याच्या परवानगीत. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरावयाच्या पर्यावरण विवरणपत्रात मागच्या वर्षीचेच आकडे उतरवलेले मीही पाहिले आहेत.

परवडण्याचा मुद्दा मात्र मी मान्य करू शकत नाही, कारण सूतरंगाईच्या खात्यात मी अनेक वर्षे काढली आहेत. रिअ‍ॅक्टिव्ह रंग (सुताच्या धाग्याशी रासायनिक बंध करणारे रंग) सुतावर चढावा म्हणून मीठ घालतात. गडद छटेला लिटरमागे ५० ग्रॅम धरले, तर १०० किलो सुताला वजनाच्या पंधरापट पाणी घेणाऱ्या यंत्रात ७५ किलो मीठ लागते आणि आठपट पाणी घेणाऱ्या यंत्रात ४०. हे मीठ सुतात राहत नाही, जवळजवळ सगळे सांडपाण्यात उतरते. तुरटी-चुन्याने सांडपाण्यातला रंग गाळ होऊन तळाशी बसतो, जैविक टाकीत सेंद्रिय भार कमी होतो, पण विरघळलेले मीठ या दोन्हींतून जसेच्या तसे पुढे जाते. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कमी पाण्याच्या यंत्रात वाचणारे ३५ किलो किती मोलाचे आहेत हे कळते. शिवाय ते विकत घेतलेले असतात, आणि वाचलेले ७०० लिटर पाणी तापवण्याचे जळणही वाचते.

रंगवल्यानंतरच्या धुलाईचेही तसेच. आमच्या खात्यात शेवटचे पाणी काचेच्या ग्लासात धरून उजेडाकडे पाहण्याची पद्धत होती. ते नितळ दिसले तरी ‘अजून दोन पाणी द्या’ असा हुकूम सवयीने सुटायचा. नळाला मीटर बसवून प्रत्येक घाण्याचे लिटर फळ्यावर लिहायला लागल्यावर ती दोन पाणी आपोआप थांबली. ज्या शहरात घरच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे यासाठी कोणाला उपदेश करावा लागला नाही. मीटर आणि फळा यालाच मी व्यवस्थापन म्हणतो.

एका बाबतीत आपण माझी चूक नेमकी दाखवलीत. एवढे करूनही उरलेले क्षार काढायचे तर आरओ (क्षार अडवणारी पडद्याची गाळणी) आणि त्यामागे बाष्पीभवन यंत्र लागते. त्याची उभारणी आणि वाफेचा रोजचा खर्च एकट्या लहान कारखान्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. ती सोय औद्योगिक वसाहतीत सामायिक हवी आणि तिच्या खर्चात शासनाचा वाटा हवा, हे मूळ लेखात यायला हवे होते. तो परिच्छेद मी आज जोडत आहे.