पानिपताची रसद विचारता, मग युक्रेनची का नाही?

पुण्यात युद्धावर बोलायला युद्ध जवळ असावं लागत नाही. तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मामांच्या कंपूत दोन निवृत्त फौजी, एक बँकवाले आणि एक संस्कृतचे प्राध्यापक आहेत. रशिया-युक्रेनवर चौघांची चार मतं असतात आणि खाली उतरून चहा होईपर्यंत त्यांची पाच होतात. गोषवारा मला रविवारी फोनवर मिळतो. मी पोलंडमध्ये व्रोत्सवाफला राहते, त्यामुळे मामांच्या लेखी मी आघाडीवरची बातमीदार. आघाडी इथून हजार किलोमीटरहून लांब आहे, हे सांगून काही उपयोग होत नाही.

या गप्पांची टिंगल करावी असं मला वाटत नाही. तळजाईवर विचारले जाणारे काही प्रश्न इथे कुणी विचारतच नाही. ऑफिसात मला ऐकवलं जातं की तुम्ही रशियाचं तेल घेता. घेतो. युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा जेमतेम दोन टक्के होता, पुढे तो एक-तृतीयांशाच्या वर गेला. पण युरोप रशियाचा द्रवरूप वायू जहाजं भरभरून घेत राहिला, हंगेरी आणि स्लोव्हाकियाने पाइपलाइनमधून येणारं तेल सोडलं नाही, हे मी काढलं की विषय हवापाण्याकडे वळतो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने याच तेलापायी भारतावर 25 टक्के जादा आयातशुल्क लादलं, सगळं मिळून 50 टक्के झालं. त्याहून जास्त तेल घेणाऱ्या चीनला मात्र त्या कारणासाठी हात लावला नाही. मामा यावर चिडतात ते रास्तच आहे.

माझं भांडण आहे ते त्यांच्या नकाशाशी. मामा रोज यूट्यूबवर लाल-निळा नकाशा बघतात, लाल म्हणजे रशियाच्या ताब्यातला भाग, आणि आज कोणतं गाव पडलं ते सांगतात. गाव पडलं म्हणजे रशियाची सरशी, इतका सोपा हिशेब. आता याच हिशेबाने बघा: पूर्व युक्रेनमधलं अवदीइव्का फेब्रुवारी 2024 मध्ये पडलं. तिथून पोक्रोव्स्क चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे स्वारगेटहून शिरवळपर्यंतही नाही. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस रशियन फौजा पोक्रोव्स्कच्या जवळ येऊन ठेपल्या आणि पुढे वर्ष उलटून गेलं तरी त्या शहरासाठी लढाई चालूच होती. बाखमुतला तर जवळजवळ दहा महिने लागले, आणि मे 2023 मध्ये हाती आले ते ढिगारे. लाल रंग सरकला खरा, पण त्यापायी काय खर्ची पडलं ते नकाशात दिसत नाही.

गंमत अशी की हीच माणसं पानिपताचा विषय निघाला की एकदम वेगळी होतात. तिथे जमीन किती गेली हे कुणी विचारत नाही. दिल्लीकडची वाट कधी तुटली, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर दाणागोटा कुठून येणार होता, यात्रेकरू आणि बाजारबुणगे बरोबर नेले नसते तर काय झालं असतं, यावर तासभर सहज जातो. 14 जानेवारी 1761 ला लढाई अब्दालीने जिंकली, दोन-तीन महिन्यांत तो माघारी निघाला, आणि 1771 मध्ये दिल्लीत पुन्हा मराठे होते, हे प्राध्यापकांना तारखांसकट पाठ आहे. मग युक्रेनच्या बाबतीतच रसद का विसरायची?

इथे पेपरात नकाशा क्वचित असतो, रसद रोज असते. युक्रेनला जाणाऱ्या मदतीचा मोठा हिस्सा पोलंडच्या झेशुफ विमानतळावरून जातो. रुळांची रुंदी पोलंडमध्ये 1435 मिलिमीटर, युक्रेनमध्ये 1520, त्यामुळे बहुतेक माल सरहद्दीवर एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागतो. पोलिश ट्रकवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी 2023-24 च्या हिवाळ्यात नाके अडवले, तेव्हा ती बातमी युक्रेनला एखादं गाव पडल्याइतकीच लागली असणार. नोव्हेंबर 2025 मध्ये युक्रेनकडे जाणाऱ्या वॉर्सा-लुब्लिन मार्गावर स्फोटाने रूळ उडवला गेला. तळजाईवर यातलं काही पोचलं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये वीसेक रशियन ड्रोन पोलंडमध्ये घुसले ते मात्र अर्ध्या तासात पोचलं, ‘तिसरं महायुद्ध सुरू’ अशा मथळ्यासह. मामा घाबरून फोन करत होते तेव्हा मी ट्रॅममध्ये होते, आणि ट्रॅम वेळेवर होती. त्या रात्रीचा खरा प्रश्न पैशाचा होता: प्लायवूड आणि फोमच्या स्वस्त ड्रोनवर एफ-35 सारखी महागडी लढाऊ विमानं किती दिवस उडवायची?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई युक्रेनमधल्या खार्किवच्या. आई तिकडेच, नवव्या मजल्यावर. बाईंच्या फोनवर आईच्या घराचं लोडशेडिंगचं वेळापत्रक असतं. लिफ्ट कधी चालू असेल ते बघून त्या इथून आईला सांगतात, आत्ता जा, पाव घेऊन ये, साडेचारच्या आत वर ये. कोणतं गाव पडलं हे त्यांनी मला कधी सांगितलेलं नाही. वीजकेंद्रावर काय पडलं हे सांगतात.

आणि रसदीच्या गोष्टीत पुणं काही बघ्याच्या जागेवर नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. सप्टेंबर 2024 मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने बातमी दिली की भारतीय बनावटीचे तोफगोळे युरोपीय खरेदीदारांमार्फत युक्रेनला पोचताहेत. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. खरंखोटं काहीही असो, रशियाचं तेल घेणारा देश आणि ज्याच्या गोळ्यांची अशी चर्चा होते तो देश एकच, यावर तळजाईवर एक सकाळ खर्च व्हायला हरकत नव्हती.

मामांना हे सगळं अर्धंच पटलंय. त्यांचं म्हणणं, रसद रशियाकडेच जास्त आहे: माणसं आहेत, उत्तर कोरियाचे गोळे आहेत, इराणी बनावटीवर बेतलेले ड्रोन आता घरीच बनतात. मी म्हटलं, मग 2025 मध्ये रशियावर पेट्रोलची निर्यात थांबवायची वेळ का आली? शुद्धीकरण कारखान्यांवर युक्रेनचे ड्रोन पडत होते म्हणूनच ना? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘अगं, पण हा मुद्दा माझ्या बाजूचा की तुझ्या?’